टायर वाचून घ्या

नव्या पेठेत दूध घालायला एक भाऊ खेड्यातून मोटारसायकलीवर येतात. वाट बहुतेक डांबरी. गावाजवळ मात्र काळी माती. पावसात चाक घसरले. दूध सांडले, गुडघा फुटला. "गुरुजी, टायर कोणता घेऊ?" त्यांनी आम्हांस विचारले.

आम्ही जुना टायर पाहिला. नक्षी बारीक व दाट. तिच्यात आपली काळी माती चिकटून बसते आणि चाक गुळगुळीत होते. मोठ्या ठोकळ्यांचा, रुंद खाचांचा टायर चिखल झटकतो. पण डांबरावर लवकर झिजतो, ओल्या सडकेवर घसरतोही. भाऊंना सडकच जास्त. म्हणून मधला टायर बरा : मधले ठोकळे जवळजवळ, कडेचे मोकळे.

आम्ही दोघे दुकानात गेलो. जुन्या टायरवर माप होते १००/९०-१७. यात १०० ही मिलिमीटरमध्ये रुंदी, १७ ही इंचांत रिम. तेच माप मागितले. दुकानदार म्हणाला, "नवा माल आहे." टायरच्या बाजूला चार इंग्रजी आकडे होते. भाऊंनी बोट ठेवून वाचले : २३१६. म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा! टायर तिथेच ठेवला, दुसरीकडून ताजा घेतला.

तरी मोठा पाऊस झाला, की भाऊ गाडी फाट्यावरच लावतात. भिजलेल्या काळ्या रानात कुठलाच टायर टिकत नाही.