आकारिक की आकारणी?

दिवाळीची सुट्टी लागायला आठ दिवस उरले होते. पहिल्या सत्राच्या नोंदी पुऱ्या करायच्या म्हणून वैशाली रविवारी सकाळीच गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसली. ती द्विशिक्षकी शाळेत तिसरीला शिकवते; नोकरीचं दुसरं वर्ष. चौथीत ती गुरुजींच्याच हाताखाली होती. पिशवीतून आधी नोंदवही निघाली, मग एक पातळ, गुळगुळीत पुस्तिका. गुरुजींचा हात चहाच्या कपाकडे न जाता पुस्तिकेकडे गेला.

गुरुजी: हे काय गं? ‘वर्णनात्मक नोंदी’?

वैशाली: सगळ्यांकडे असते, गुरुजी. विषयवार वाक्यं तयार मिळतात. आपण फक्त निवडायची.

गुरुजी: (नोंदवही उघडून) ‘स्वच्छतेची आवड आहे.’ पुढचं पोरगं, ‘स्वच्छतेची आवड आहे.’ अगं, तेवीस पोरांत अकरा जणांना स्वच्छतेची आवड? मग नळापाशी रोज चिखल कोण करतं?

वैशाली: चिडू नका ना. तेवीस मुलं, इतके विषय, प्रत्येकाच्या नोंदी. वर पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या.

गुरुजी: मतदार याद्यांचं नाव काढू नकोस. माझी अर्धी नोकरी दारोदार हिंडण्यात गेली. घरं मोज, माणसं मोज. आणि वर्गात परत आलं की वरून विचारणा, अप्रगत किती? मी वर्गात असतो तर सांगितलं असतं! (थांबून) असो. मला सांग, या मूल्यमापनाला आकारिक का म्हणतात?

वैशाली: सत्र चालू असताना करतात म्हणून. सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. तिसरीला आकारिक साठ टक्के, संकलित चाळीस.

गुरुजी: पहिली-दुसरीला सत्तर-तीस, पाचवी-सहावीला निम्मं निम्मं, सातवी-आठवीला चाळीस-साठ. ते पाठ आहे मला, २०१० पासून. मी शब्द विचारतोय. आकारिक म्हणजे आकार देणारं. मूल शिकत असताना बघायचं आणि त्याप्रमाणे उद्याचा पाठ बदलायचा. पाठ बदलला नाही, तर ते आकारिक नव्हे. आपण केली ती आकारणी, ग्रामपंचायत घरपट्टीची करते तशी. घर बघितलं, रकाना भरला, पुढचं घर.

वैशाली: हे प्रशिक्षणातही सांगतात, गुरुजी. पण माझी शंका वेगळी आहे. मी लिहीन ते खरं कशावरून? लेखी पेपरात निदान उत्तर कागदावर असतं. इथे सगळं माझ्या मनावर. वर्गातला संकेत मला आवडतो, म्हणून त्याचं बोलणं मला हुशारीचं वाटणार. सरपंचांची नात वर्गात आहे, तिची नोंद लिहिताना माझा हात थोडा तरी हलका होणारच.

गुरुजी: येऊ त्याच्याकडे. आधी फळ्यावरचं बोलू. बावन्न वजा सत्तावीस. पोरं काय लिहितात?

वैशाली: पंचवीस. पण चार-पाच जणांनी चाचणीत पस्तीस लिहिलंय. मी त्यांची एकच नोंद केली, ‘हातच्याच्या वजाबाकीत चुका करतो.’

गुरुजी: एकच? बघ हं. एक पोरगं म्हणतं, दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवू, पाच. पाचातून दोन गेले, तीन. झाले पस्तीस. दुसऱ्याने दशक सुटा केला, बारातून सात घालवले, पाच आले. पण दशकाच्या घरातले पाच तसेच ठेवले, चार केलेच नाहीत. पाचातून दोन गेले, तीन. पुन्हा पस्तीस.

वैशाली: (वहीच्या मागच्या पानावर करून पाहते) अरेच्चा. उत्तर एकच.

गुरुजी: उत्तर एक, दुखणी दोन. पहिल्याला हातचा ही भानगडच कळलेली नाही. त्याच्यापुढे काड्यांचे गठ्ठे ठेव, एक गठ्ठा सोडायला लाव. दुसऱ्याला सगळं कळलंय, तो फक्त विसरतो. त्याला गठ्ठे दिलेस तर कंटाळेल बिचारा. आणि तुझा कागदावरचा खरा पुरावा काय सांगतो? दोघंही चूक, दोघांनाही शून्य.

वैशाली: मग कळायचं कसं?

गुरुजी: जवळ बसवून विचारायचं, ‘कसं केलंस ते मोठ्याने सांग.’ तोंडी काम म्हणतात ते हेच, आकारिकाच्या आठ तंत्रांतलं एक. नाहीतर गणित तरी नीट निवड. त्रेपन्न वजा सत्तावीस दे. पहिल्याचे येतील चौतीस, दुसऱ्याचे छत्तीस. एका आकड्याच्या फरकाने दोघं वेगळे पडतात. मला हे कळायला नोकरीची पंधरा वर्षं गेली आणि तोवर किती पोरांना मी उगाच गठ्ठे सोडायला लावले, त्याचा हिशेब नाही.

वैशाली: ‘असर’ सर्वेक्षणवाले असंच करतात ना? आमच्या गावात आले होते. एकेका मुलाला घरी बसवून वाचायला दिलं.

गुरुजी: ‘प्रथम’ संस्थेने २००५ साली सुरू केलं ते. आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट. गणितात अंक ओळखण्यापासून भागाकारापर्यंत. मूल कुठे अडतं ते कळायला काही मिनिटं पुरतात. ज्याला वाचता येत नाही त्याला लेखी पेपर दिला, तर कोऱ्या पानापलीकडे काय कळणार? त्यांच्या आकड्यांवर लोक भांडतात, भांडोत. मला ती रीत आवडते.

वैशाली: पण गुरुजी, ‘असर’वाला परका असतो. तो मुलाला पुन्हा भेटणार नसतो. मी रोज भेटते. माझी शंका तिथेच राहिली.

गुरुजी: तुझी शंका म्हणजे पायात गेलेला काटा झालाय. जरा दम धर. आधी लाल पेनाचं ऐक. १९८८ साली रूथ बटलर या संशोधक बाईंचा एक अभ्यास छापून आला. इस्रायलमधली पाचवी-सहावीची पोरं. काहींना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात कोण सुधारलं असेल?

वैशाली: दोन्ही मिळालेले.

गुरुजी: मलाही तेच वाटलं होतं. सुधारले ते नुसता शेरा मिळालेले. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा उपयोग झालाच नाही. आणि आपण काय करतो? दहापैकी सहा लिहायचं, गोल करायचं आणि खाली ‘अक्षर सुधार’. पोरगं गोल बघतं, शेजाऱ्याचा गोल बघतं, वही मिटतं.

वैशाली: पालकांना मात्र गोलच हवा असतो. ‘बाई, नापास तर करत नाही, मग अभ्यास कशाला?’ असं तोंडावर म्हणतात.

गुरुजी: कायद्याचं अर्धंच वाक्य ऐकलं सगळ्यांनी. शिक्षण हक्क कायद्यात कलम सोळा होतं, मुलाला मागे ठेवू नका. कलम एकोणतीसही होतं, सातत्याने सर्वंकष मूल्यमापन करा. सोळा तोंडपाठ, एकोणतीस कपाटात. नापास करायचं नाही म्हणजे बघायचंच नाही, असं झालं. मग २०१९ ला कायदा बदलला, पाचवी-आठवीला पुन्हा नापास करायची मुभा आली. दोन्ही वेळा मूल कुठे अडलं ते विचारायचं राहूनच गेलं. बरं, तुझा काटा काढू आता. कशाला भितेस?

वैशाली: दहावीचे निकाल आठवा. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के. पुढच्या वर्षी भाषांचे वीस अंतर्गत गुण बंद केले, निकाल ७७.१० वर आला.

गुरुजी: त्या वर्षी पाठ्यपुस्तकंही नवी होती, तेही धर.

वैशाली: धरते. पण लगेच पुढच्या वर्षी ते वीस गुण परत आणलेच ना? आणि २०२१ ला करोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल, शाळेतल्या चाचण्या, तोंडी-प्रात्यक्षिक, सगळं शाळेच्या हातात. निकाल ९९.९५. म्हणजे शिक्षकांच्या हातात गुण दिले की ते फुगतात. मग आकारिकावर विश्वास ठेवायचा कसा?

(गुरुजी थोडा वेळ गप्प. चहा गार झालेला.)

गुरुजी: बरोबर बोललीस. ज्या गुणांवर प्रवेश ठरतो, ते फुगणारच. मास्तर वाईट असतो म्हणून नव्हे. पोर त्याचंच, गावही त्याचंच, उद्या त्याच रस्त्याने जायचं असतं. अकरावीच्या रांगेत कोण पुढे, ते बाहेरच्या पेपरानेच ठरावं, असं आता मला वाटतं. पूर्वी वाटत नव्हतं. पण तुझ्या तिसरीच्या वहीवर कोणाचा प्रवेश अडलाय? ‘हातचा घेतो, पण दशक कमी करायला विसरतो’ यात फुगवायला आहेच काय?

वैशाली: श्रेणी आहे की. अ-एक, अ-दोन. सरपंचांच्या घरी तीच बघतात.

गुरुजी: मग तिथे काट्याला जागा आहे, कबूल. श्रेणी देताना हात हलका होईल तुझा. पण त्याहून मोठी लबाडी तुझ्या लक्षात आलेली नाही. मी एका वर्षी सत्राअखेर माझी नोंदवही चाळली. पुढे बसणाऱ्या चार पोरांची पानं गच्च भरलेली. खिडकीकडे शेवटी बसणारी एक मुलगी होती. तिच्या पानावर चार महिन्यांत एक ओळ नव्हती. चांगली नाही, वाईटही नाही. मी पक्षपात केला नव्हता, मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. लेखी पेपराने हे मला कधी दाखवलं नसतं. त्या कोऱ्या पानाने दाखवलं.

वैशाली: (वही आपल्याकडे ओढून पानं उलटते) पुस्तिकेमुळे माझं एकही पान कोरं नाही.

गुरुजी: म्हणूनच मला ती डाचते.

वैशाली: पण आठ दिवसांत तेवीस जणांबद्दल खरं काय लिहू?

गुरुजी: जे पाहिलंस तेवढंच. ज्याचं काही पाहिलं नाहीस, त्याला उद्या मधल्या सुट्टीआधी जवळ बसव.

वैशाली: आणि केंद्रप्रमुख म्हणाले, नोंदी पद्धतशीर नाहीत, रकाने रिकामे आहेत, तर?

गुरुजी: निवृत्तीआधी चार वर्षं मी केंद्रप्रमुख होतो. वर्गात थोडाच वेळ बसायचो. वह्या मात्र मोजून बघायचो, रकाना रिकामा दिसला की शेरा मारायचो. माझ्या केंद्रातल्या शिक्षकांनी ही असली पुस्तिका कशासाठी घेतली असेल, ते आज तुझ्यामुळे डोक्यात आलं. दे ती वही. संकेतचं पान कुठलं? पस्तीस लिहिणाऱ्यांत तो होता का?

वैशाली: होता.

गुरुजी: दोघांपैकी कुठला?

वैशाली: ते विचारायचंय अजून.