दशांश कशाचा काढावा?
(देणगी अर्पण करणाऱ्या भाविकांसाठी)

श्रींच्या दर्शनानंतर देणगी कक्षात पावती करताना अनेक भाविक एक प्रश्न आवर्जून विचारतात. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाकडे द्यावा, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. परंतु उत्पन्न म्हणजे नेमके काय धरावे? प्रश्न हिशोबाचा दिसतो, तरी विचारणाऱ्याच्या मनात बहुधा रुखरुख असते. आपण देवाच्या वाट्यात काटकसर तर करीत नाही ना, किंवा उलट, देवाच्या नावाने दुसऱ्याचे देणे तर थकवीत नाही ना? या दोन्ही शंका रास्त आहेत.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. दशांशाचा आधार म्हणून स्कंदपुराणातील एक वचन सांगितले जाते. त्यात दहाव्या भागाच्या आधी 'न्यायोपार्जित' हे विशेषण येते. धन सन्मार्गाने मिळालेले असावे ही पहिली अट, प्रमाण नंतर. पाराशरस्मृतीत शेतकऱ्यासाठी निराळीच वाटणी आहे. राजाला सहावा भाग, देवांना एकविसावा आणि ब्राह्मणांना तिसावा. नांगरणीत असंख्य जीवजंतू मरतात, त्या दोषाचे परिमार्जन या दानाने होते, अशी त्यामागील भूमिका आहे. श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात तर धनाचे पाच वाटे सांगितले आहेत : धर्म, कीर्ती, धनवृद्धी, उपभोग आणि स्वजन. (हा उपदेश शुक्राचार्यांनी बळीराजाला सर्वस्वदानापासून परावृत्त करण्यासाठी केला होता आणि बळीने तो मानला नाही, हेही ध्यानात असू द्यावे.)

तात्पर्य, सर्वांना सर्वकाळ लागू पडेल असा एकच आकडा आपल्या परंपरेत नाही. मग भाविकाने आकड्यापेक्षा अधिक विचार करावा तो भाग कोणत्या राशीतून काढायचा याचा.

आपल्या कोकणात हा प्रश्न नवा नाही. खोतीच्या काळी कुळाने पिकवलेल्या भातातून खोताचा अर्धेल किंवा तिर्धेल वाटा द्यावा लागे. बियाणे किती गेले, घरातल्या किती माणसांनी कंबर मोडून लावणी केली, याची वजावट त्यात नसे. १९४९ च्या कायद्याने खोती संपली. परंतु 'वाटा म्हणजे सगळ्या राशीचा वाटा' ही समजूत मनात राहिली. देवाचे मापही त्याच राशीतून निघाले पाहिजे, असे जुन्या लोकांना वाटे. त्या काळी ते बरेचसे योग्यही होते. बैल घरचे, शेण घरचे, बियाणे मागच्या वर्षीचे, राबणारी माणसे घरची. पिकासाठी रोख पैसा फारसा बाहेर जात नसे.

हापूसच्या बागेचा हिशोब तसा नाही. उदाहरणादाखल, एखाद्या बागायतदाराच्या हाती हंगामात आंब्याच्या विक्रीचे ३,००,००० रुपये आले असे समजू. खते, फवारण्या, राखणदारांचा पगार, तोडणीची मजुरी, पेट्या, वाशीपर्यंतचे भाडे आणि दलाली मिळून २,१०,००० रुपये खर्च झाले. उरले ९०,०००. एकूण विक्रीचा दशांश काढला, तर ३०,००० रुपये होतात, म्हणजे उरलेल्या रकमेचा एक तृतीयांश. निव्वळ शिल्लकेचा काढला तर ९,०००. पाराशरांचा एकविसावा भाग एकूण विक्रीवर धरला, तर सुमारे १४,३०० रुपये. माणूस तोच, बाग तीच, श्रद्धाही तीच; केवळ रास बदलली की आकडा तिपटीहून अधिक बदलतो.

कष्ट आणि खर्च यांचा विचार अन्य धर्मांनीही केलेला आहे. आपल्या जिल्ह्यातील मुस्लिम बांधवांच्या धर्मशास्त्रात शेतमालावरील 'उश्र' नावाचे दान आहे. पावसाच्या किंवा वाहत्या पाण्यावर पिकलेल्या धान्याचा दहावा भाग आणि पाणी उपसून, श्रम करून पिकविलेल्या धान्याचा विसावा भाग. शेतकऱ्यावर भार अधिक पडला तर देण्याचे प्रमाण निम्मे होते. साठलेल्या धनावरील 'जकात' मात्र चाळिसावा भाग असून ती विशिष्ट मर्यादेहून अधिक धन चांद्र वर्षभर बाळगल्यावरच लागू होते.

आमच्या मते ज्या पैशावर दुसऱ्याचा हक्क आहे, तो आपल्या उत्पन्नात धरू नये. मजुरी, दुकानदाराची उधारी, कर्जाचा देय हप्ता, सरकारी कर हे आधी वजा करावेत. परंतु घरखर्च, लग्नकार्य, नवी दुचाकी यांची वजावट करू नये. तो आपलाच उपभोग होय. तसे केले तर देवासाठी काहीच उरणार नाही, आणि तो हिशोब करणाऱ्यालाही ते आधीच ठाऊक असते.

संत तुकाराम महाराजांच्या चरित्रातील कर्जखतांचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वडिलोपार्जित सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, हे सर्वांना माहीत असते. पण त्यापूर्वी त्यांनी धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा वेगळा काढून त्यांच्या स्वाधीन केला आणि केवळ आपल्या वाट्याचे कागद पाण्यात सोडले, असे परंपरा सांगते. कान्होबांना संसार चालवायचा होता. भावाच्या वाट्यावर उदार होण्याचा अधिकार महाराजांनी स्वतःकडे घेतला नाही.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस एक बागायतदार कार्यालयात आले होते. अवकाळी पावसाने मोहोर गळून त्यांचे पीक निम्म्याहून कमी आले होते. तरीही ठरलेली रक्कम रुमालात बांधून त्यांनी टेबलावर ठेवली. बोलण्याच्या ओघात राखणदारांचा दोन महिन्यांचा पगार द्यायचा राहिला आहे आणि ते लोक नेपाळला परत जाण्यासाठी थांबले आहेत, असे समजले. विश्वस्तांपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ तेथेच बसले होते. ते म्हणाले, "अण्णा, हे पैसे आधी त्यांना द्या. देव कुठे जात नाही, त्यांची गाडी जाईल." अण्णांना ते प्रथम रुचले नाही, देवापुढे बोललेला शब्द मोडतो असे त्यांना वाटले. शेवटी त्यांनी एक नारळ ठेवला आणि रुमाल परत नेला. त्या वर्षी आमच्या वहीत त्यांची देणगी नाही.

स्वजनांबाबत मनुस्मृतीचा अभिप्राय कठोर आहे. घरची माणसे दैन्यात असताना परक्यांना दान करणारा धर्माचा आभास निर्माण करतो, असे ती म्हणते. म्हातारी आई औषधावाचून असताना किंवा विधवा बहिणीच्या मुलाची फी अडलेली असताना मंदिराला मोठी रक्कम देणे, हे आम्हांसही प्रशस्त वाटत नाही. अशी मदत दशांशात धरावी का, असे विचारतात. अवश्य धरावी. मात्र स्वतःच्या मुलाची फी धरू नये, ते कर्तव्यच आहे.

नोकरदारांचा हिशोब तुलनेने सोपा. हाती पडणारा पगार धरावा आणि भविष्य निर्वाह निधी मिळेल त्या वेळी त्याचा विचार करावा. आयकरात देणगीची सवलत मिळाली, तर वाचलेली रक्कम आपल्या खिशातून गेलेली नाही, एवढे मनाशी मान्य करावे. नव्या करप्रणालीत ती सवलत मिळत नाही आणि जुन्या प्रणालीतही रोख २,००० रुपयांहून अधिक देणगीस मिळत नाही; म्हणून मोठी रक्कम धनादेशाने द्यावी.

नवस ही गोष्ट वेगळी. तो इच्छापूर्तीनंतर फेडावयाचा शब्द आहे, उत्पन्नाचा वाटा नव्हे. नवसाची रक्कम दशांशातून वळती करून घेण्याची पद्धत अलीकडे दिसते. ती आम्हांस पटत नाही. भाग आधी ठरलेला असतो आणि त्याबदल्यात काही मागितलेले नसते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील सात्त्विक दानाचे लक्षणही परतफेडीची अपेक्षा नसणे हेच आहे.

यास्तव हंगाम सुरू होण्यापूर्वीच आपला भाग ठरवून घरातील एका व्यक्तीस सांगून ठेवावा. पीक हाती आल्यावर ठरवू लागल्यास, भरघोस वर्षी हात आखडतो आणि पडत्या वर्षी भीतीपोटी अधिक सुटतो, असा आमचा अनुभव आहे.

देणगी कोणत्या कार्यासाठी आहे, म्हणजे अन्नदान, उत्सव, जीर्णोद्धार किंवा कायम निधी, हे पावतीवर लिहून घ्यावे. रत्नागिरीतील पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीर यांनी १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना प्रवेश असावा या स्पष्ट हेतूने उभारून दिले, आणि दात्याचा तो हेतू आजही ओळखला जातो. ज्यांना रोख रक्कम देणे शक्य नसेल, त्यांनी भात, नारळ, सुपारी किंवा कोकम आणल्यास ते वजन अथवा नगाप्रमाणे नोंदवून पावती दिली जाते. नवान्न पौर्णिमेला भाताच्या नव्या लोंब्या आणणाऱ्यांकडून मात्र काहीही मोजून घेतले जात नाही. त्या थेट गाभाऱ्यात पाठविल्या जातात.