भोपळ्याच्या घाऱ्या: दोष फळाचा, बोल हाताला

भोपळ्याच्या घाऱ्या म्हणजे लाल भोपळ्याचा कीस गुळात शिजवून, त्यात मावेल तेवढी कणीक मळून तळलेल्या गोड पुऱ्या. अनेक ठिकाणी त्यांना घारगे म्हणतात. भोपळ्याचा वेल मूळचा अमेरिका खंडातला. आता हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या परसातही तो घरचाच आहे. रविवारच्या चहाला या घाऱ्या शोभतात आणि प्रवासाच्या शिदोरीतही टिकतात.

घाऱ्या बिघडल्या की पहिला बोल करणारीच्या हाताला लागतो. दोष मात्र पुष्कळदा फळाचा असतो. भोपळ्याच्या गरात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असते. कोवळ्या फळात पिठूळपणा कमी आणि पाणचटपणा जास्त. गूळ पडताच कीस आणखी पाणी सोडतो. ते आटले नाही तर कणीक भरमसाट लागते, गोडी उतरते, घारी चिवट होते.

प्रस्तुत लेखिकेच्या घरी नेमके हेच झाले. आठवडी बाजारातल्या विक्रेत्याने समोर मांडलेली गडद केशरी फोड दाखवली आणि पिशवीत टाकली ती आधीच कापून कागदात गुंडाळलेली, दुसऱ्याच फळाची. घरी कागद सोडला तेव्हा गर फिका पिवळा, बिया चपट्या, साल नखाने खरवडली जाणारी. चहाला पाहुणे यायचे होते, बाजार उठला होता. कढईत गूळ पडताच कीस पाण्यात तरंगू लागला आणि सगळा उलगडा झाला. पुढच्या बाजारी विचारले, तर इतर गिऱ्हाइकांसमोर उत्तर मिळाले, “ताई, भोपळा चांगलाच होता, तुम्हालाच जमलं नसेल.” पैसे गेले ते सोसता येतात, फसवून वर हाताला नाव ठेवणे सोसण्यासारखे नाही. त्याच हाताने, त्याच मापाने, पिकल्या भोपळ्याच्या घाऱ्या पुढे खुसखुशीत झाल्या.

भोपळा घेताना चार खुणा पाहाव्यात. देठ वाळून कडक झालेला असावा. सालीवर नख उमटू नये. आकाराच्या मानाने फळ जड लागावे. गर गडद केशरी आणि बिया टपोऱ्या असाव्यात. फोड घ्यायची तर ती डोळ्यांदेखत कापून घ्यावी आणि पिशवीत पडेपर्यंत नजर हलवू नये. फिक्या भोपळ्याला हळदीने रंग आणता येतो, आणि वसमतच्या बाजारात हळदीला तोटा नाही. पण हळदीने पाणी आटत नाही.

दोन वाट्या किसाला साधारण एक वाटी चिरलेला गूळ लागतो. कीस चमचाभर तुपावर परतून आधी त्याचे स्वतःचे पाणी आटवावे, मग गूळ घालावा. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले की उतरवावे. ते पूर्ण निवल्याशिवाय कणीक घालू नये. गरम मिश्रणात कणीक चिकट होते आणि अंदाज चुकतो. चिमूटभर मीठ, वेलदोडा किंवा जायफळ आणि थोडे गरम तेलाचे मोहन घालून, पाण्याचा थेंबही न लावता घट्ट मळावे. घारी जाडसर थापावी, वर खसखस दाबावी आणि मध्यम आचेवर तळावी. आच मोठी असेल तर गुळामुळे बाहेरून करपते, आतून कच्ची राहते.

ओव्हनमध्ये भोपळ्याचे स्कोन करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. उकडलेला गर फडक्यात बांधून निथळावा, मगच मैदा आणि बेकिंग पावडरमध्ये मिसळावा. ओला गर गेला तर स्कोन फुगत नाहीत, आत गिच्च राहतात.

अख्खा पिकला भोपळा कोरड्या, हवेशीर जागी काही महिने टिकतो. कापलेला दोन-चार दिवसांत संपवावा. म्हणून शक्य तेथे अख्खे फळ घ्यावे आणि घरी कापावे. भोपळा पिकलेला नसेल तर त्या दिवशी घाऱ्यांचा बेत सोडून भाजी करावी, आणि फसवणाऱ्या विक्रेत्याकडे पुन्हा जाऊ नये.