हुमणीचे भुंगेरे आणि हायस्कूलची मुले



नववी-दहावीची मुले मे महिन्यात घरीच असतात. त्यांना शिकवणारे आणि साऱ्या गावाच्या कामी येणारे एक काम आम्ही सुचवतो : हुमणीचे भुंगेरे वेचणे.

वळवाचा चांगला पाऊस झाला की दिवस मावळताच भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला बसतात. एक मादी 50-60 अंडी घालते, पुढे अळ्या उसाची मुळे कुरतडतात. वर्षात पिढी एकच, म्हणून या चार रात्री हुकल्या की वर्ष गेले. फांद्या काठीने हलवून पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. तारीख, पाऊस आणि झाडवार आकडा मुलांनी वहीत लिहावा. कीटकाचा जीवनक्रम मग पाठ करावा लागत नाही.

सोबत मोठे माणूस, बॅटरी, पायात बूट हवेतच. या दिवसांत जनावर निघते. औषध फवारणीला मात्र पोरांना अजिबात लावू नका.

एकट्याच्या बांधावर वेचून भागत नाही, शेजारच्या बाभळीवरचे तुमच्याच फडात येणार. तेव्हा शिवारभर एकाच रात्री निघा, आणि वह्या गट ऑफिसात आणून दाखवा.