शब्दांचा पाठ : 'बिलीफ', 'फेथ' आणि 'प्रोफेशन'

'बिलीफ' आणि 'फेथ' हे दोन्ही शब्द संविधानाच्या उद्देशिकेत शेजारी शेजारी आहेत. अर्थ एकच असता तर दोन शब्द कशाला? मराठी प्रतीतही 'विश्वास' व 'श्रद्धा' असे वेगळे शब्द आहेत.

'बिलीफ' हा फार रुंद शब्द. उद्या पाऊस पडेल असे वाटणे हीसुद्धा 'बिलीफ'. ती खोटी निघेल, पुरावा दिसला की बदलेलही. 'फेथ' त्याहून अरुंद. तिच्यात भरवसा आणि निष्ठा आहे. 'फेथ्स' असे अनेकवचन केले की अर्थ थेट 'धर्म' असा होतो. पाली 'सद्धा'ला काही अनुवादक सरसकट 'फेथ' लिहितात, ते मला पटत नाही. सद्धा म्हणजे पारखून ठेवलेला भरवसा. त्याला 'कॉन्फिडन्स' बरा.

आता 'प्रोफेशन'. कलम 19 मध्ये हा शब्द पेशा या अर्थाने येतो. कलम 25 मध्ये तोच शब्द धर्माच्या संदर्भात आहे, आणि तिथे 'धर्माचा धंदा' असे भाषांतर केले तर अनर्थ होईल! (तसे धंदे चालतात, ही गोष्ट निराळी.) तिथे 'प्रोफेशन' म्हणजे उघडपणे सांगणे. 'बिलीफ' मनात राहू शकते, 'प्रोफेशन' चारचौघांत करावे लागते.

या एका शब्दावर आपल्या समाजाचे मोठे प्रकरण न्यायालयात गेले. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात 1956 च्या दुरुस्तीनंतर असे होते की, हिंदू वा शीख यांखेरीज अन्य धर्म 'प्रोफेस' करणारा अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. 1962 साली महाराष्ट्र विधानसभेच्या राखीव जागेवर निवडून आलेले डॉ. मेश्राम बौद्ध झाले आहेत, अशी हरकत पंजाबराव यांनी घेतली. 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने 'प्रोफेस'चा अर्थ जाहीरपणे सांगणे असा लावला. जुना धर्म सोडला व नवा स्वीकारला असे लोकांसमोर सांगितले की पुरे. दीक्षाविधी यथासांग झाला का, हे तपासण्याचे कारण नाही. निवड रद्द झाली. ज्याने धर्मांतर मनातच ठेवले त्याची सवलत टिकली, ज्याने उघड सांगितले त्याची गेली. त्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द येण्यास 1990 साल उजाडले.

अभ्यास : कलम 19 मधील 'प्रोफेशन', 'ऑक्युपेशन', 'ट्रेड' व 'बिझनेस' ही चार नामे वहीत उतरवा. शिंप्याचे, वकिलाचे व किराणा दुकानदाराचे काम यांपैकी कोणत्या नामात बसते आणि कोणते नाम तिघांनाही लागू पडते, ते लिहा.