ने, पण तिच्या कलाने

अगं, आई-बाबांना घेऊन गणपतीपुळ्याला जायचा बेत ऐकला आणि फार बरं वाटलं. 'या वयात कशाला दगदग' म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस. पनवेलच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीपुढे बसून आई जितकी कोमेजते, तितकी ती फिरून थकत नाही. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅमला बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला होता. १९९२ मध्ये त्यातून दिसलं, की घर सांभाळणाऱ्या ज्या बायका सहा-सहा वर्षांत फार तर एकदा सुट्टीवर जात, त्यांच्यात हृदयविकार जास्त होता. सुट्टी नाही म्हणूनच आजार झाला असं त्यावरून म्हणता येत नाही, पण घराबाहेर पडणं ही चैन नव्हे एवढं मला त्यातून पटलं.

माझी काळजी वेगळीच आहे. पाण्याची.

प्रवासाच्या दिवशी आईला नीट बघ. सकाळचा चहा अर्धाच घेते. गाडीत पाण्याची बाटली मांडीवर असते, पण झाकण काही उघडत नाही. विचारलं तर म्हणते, 'तहानच नाही गं.' खरं कारण आपल्याला ठाऊक आहे. वाटेत स्वच्छ बाथरूम मिळेल की नाही, आणि जावईबापूंना 'गाडी थांबवा' सांगायचं तरी कसं! वय वाढलं की तहान आधीच कमी लागते, त्यात तिच्या बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी आहे. मग उतरताना चक्कर येते, पायरी चुकते. नाहीतर परतल्यावर लघवीला जळजळ, पोट साफ नाही, कधी बोलण्यातही गोंधळ. आणि घरचे म्हणतात, प्रवास बाधला.

म्हणून तिला 'बाथरूमला जायचंय का?' असं विचारूच नकोस, ती नाहीच म्हणेल. 'मला जायचंय, चल माझ्याबरोबर' म्हण. दर दीड-दोन तासांनी. ती गोळी मात्र तिच्या किंवा आपल्या मनाने बंद करायची नाही. प्रवासाच्या दिवशी वेळ पुढे-मागे करता येईल का, ते डॉक्टरांनाच विचार.

बाबा एसटीचा हट्ट धरतील. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यभर एसटी फुकट आहे, आणि त्यांना त्याचं केवढं अप्रूप! पालीला बल्लाळेश्वराला जायचं तर खुशाल जाऊ दे त्यांना एसटीने. (तिथून उन्हेऱ्याच्या गरम कुंडांकडे मात्र जपून. बीपीची गोळी घेतलेला माणूस गरम पाण्यातून एकदम उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते.) पण गणपतीपुळ्याला जाताना रत्नागिरीपर्यंत रेल्वेच बरी. मांडवी एक्सप्रेस सकाळी पनवेलला थांबते. गाडीत संडास आहे, उठून चार पावलं टाकता येतात आणि मुंबई-गोवा रस्त्याचे हादरे मणक्याला बसत नाहीत.

तिकिटं काढताना एक लक्षात ठेव. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तो एकट्याला किंवा दोघांच्याच तिकिटाला मिळतो. सगळ्या कुटुंबाचं एकच तिकीट काढलंस, तर आईला वरचा बर्थ आलाच म्हणून समज. त्या दोघांचं वेगळं काढ.

दर्शनाआधी काही खायचं नाही हा तिचा नेम मला माहीत आहे. पण शुगरची गोळी घ्यायची आणि रिकाम्या पोटी रांगेत उभं राहायचं, हे चालणार नाही. देवळाच्या दारात घाम फुटून हातपाय थरथरायला लागले तर काय करशील? तिला आधी पोहे खाऊ घाल, देव रागावत नाही. पर्समध्ये साखर ठेव. औषधं हातातल्या पिशवीतच असू देत, डिकीतल्या बॅगेत नकोत.

आणि हो, पाय. सलग चार तास किंवा जास्त बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. रेल्वे, बस, मोटार, विमान, सगळीकडे तेच. मुळात धोका लहान आहे, घाबरू नकोस. बसल्या बसल्या दोघांना घोटे हलवायला लाव. परतल्यावरही काही आठवडे लक्ष असू दे. एकाच पोटरीला सूज आली, दुखायला लागली तर तेल चोळत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर कुणाची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठ, मला फोन नंतर कर.