‘कुत्र्यालाच तर झोपायचंय!’

कुत्र्यासाठी उंच खाट घरच्या घरी करायची म्हटलं की सुतारापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद: ‘कुत्र्यालाच तर झोपायचंय!’ या वाक्याचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जायचं कारणही दिसत नाही. या खाटा मोडतात त्या याच वृत्तीपायी. तीस किलोचा लॅब्रेडॉर खाटेवर अलगद टेकत नाही. तो उडी मारतो, झोपण्याआधी गोल फिरतो, पुढच्या पंजांनी उकरतो. त्यामुळे खरा ताण येतो तो कापड चौकटीला जिथे धरलंय त्या कडेवर आणि चार कोपऱ्यांच्या सांध्यांवर. स्टेपलरच्या पिना मारून ताणलेलं कॅनव्हास पिनेपाशीच फाटायला लागतं, आणि सुटलेली पीन पंजात घुसते ते वेगळंच. वायरिंगचा पातळ पाइप आणून ‘पाइप तो पाइप’ म्हणणाऱ्या कारागिराला काम देऊच नये. नळाचा जाड पीव्हीसी पाइप घ्यावा, सांधे नुसते दाबून न बसवता सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवावेत.

माझा आग्रह मात्र कापडापेक्षा नायलॉनच्या नवारीचा आहे. नवार चौकटीला वेढा घालून येते, पिनेच्या भरवशावर राहत नाही. ढिली पडली की पुन्हा ओढून घेता येते. यावर हमखास आक्षेप येतो, की विणीच्या फटींत गोचीड बसतील. आक्षेप खरा आहे. गोचिडाची मादी अंडी घालायला अशाच सांदीकोपऱ्यांत शिरते. पण प्लायवूड ठोकून केलेल्या खोक्यात काय फटी नसतात? त्या तर उघडताही येत नाहीत. नवार सोडवून गरम पाण्यात घालता येते, कडक उन्हात टाकता येते. सुतळी किंवा काथ्या स्वस्त पडतो म्हणून कोणी गळ्यात मारू पाहील, तर सरळ नाही म्हणावं. कुत्रा दोरी चावतो, गिळलेला धागा आतड्यात अडकतो आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं. याच कारणासाठी नवारीची टोकंही लोंबती ठेवू नयेत.

‘शेवटी तो फरशीवरच झोपतो’ हा दुसरा टोमणा. एप्रिल-मेमध्ये झोपेलच, पोट थंड फरशीला लावून. तेव्हा त्याला खाटेवर ओढू नये. पण कोकणातल्या पावसाळ्यात तीच फरशी ओलसर असते. शिवाय भारी कुत्र्याच्या कोपरांवर कडक जमिनीने घट्टे पडतात, कधी पाणी भरून सूजही येते. त्यासाठी ही खाट, हौसेसाठी नव्हे. लाकडी चौकट करायची तर साधा कमर्शियल प्लाय मुताने फुगतो. ‘आयएस 710’चा शिक्का असलेला घ्यावा, नाहीतर सरळ भरीव लाकूड. रंग पुरता वाळू द्यावा, कारण पाय चावले जाणारच. माप घ्यायचं ते कुत्रा अंग ताणून झोपलेला असताना, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, आणि वर अर्धा फूट धरायचा. सुतार उभ्या कुत्र्याकडे बघून ‘अडीच फूट पुरे’ म्हणतो. माप कागदावर लिहून द्यावं, आणि खाट दाबून, हलवून पाहिल्याशिवाय त्याचे पूर्ण पैसे चुकते करू नयेत.